गणपतीसाठी ग्रॅव्हलर राखून ठेवा: जिओडूडपासून गोलेमपर्यंत

पोकेमॉन या जपानी खेळमालिकेतल्या काल्पनिक प्राण्यांपैकी जिओडूड हा दिसायला साधा आहे. ओबडधोबड करड्या धोंड्याला दोन पिळदार हात फुटावेत आणि त्याच धोंड्यावर रागीट डोळे उघडावेत, एवढेच त्याचे रूप. उंची ४० सेंटिमीटर, वजन २० किलो, पोकेडेक्समधला, म्हणजे सगळ्या पोकेमॉनच्या नोंदवहीतला, क्रमांक ७४. १९९६ साली जपानमध्ये निघालेल्या पहिल्या दोन खेळांपासून तो या मालिकेत आहे, आणि लोक त्याला दगड समजून त्याच्यावर पाय देतात किंवा त्याला ठेचकाळतात, अशी त्याची नोंदही तेव्हापासूनची आहे. सड्यावरून चालत शाळेत गेलेल्या कोकणातल्या माणसाला ही नोंद समजावून सांगावी लागत नाही. जांभ्याच्या कातळावर सुटा पडलेला धोंडा कोणता आणि कातळातूनच वर आलेला उंचवटा कोणता, हे आमच्याकडे अंगठा फुटल्यावर कळते.

या जिओडूडचा पुढे ग्रॅव्हलर होतो, म्हणजे चार हातांचा, मीटरभर उंचीचा आणि १०५ किलो वजनाचा दगड. आणि ग्रॅव्हलरचा गोलेम होतो, जो १.४ मीटर उंच आणि ३०० किलो वजनाचा असतो व वर्षातून एकदा कात टाकतो. हे मार्गदर्शन पोकेमॉन गो, म्हणजे मोबाइल घेऊन प्रत्यक्ष फिरत पोकेमॉन पकडण्याचा खेळ, खेळणाऱ्यांसाठी आहे. भारतात हा खेळ डिसेंबर २०१६ मध्ये अधिकृतपणे आला, आणि रत्नागिरी तालुक्यातल्या ज्या गावात मी राहतो तिथे तो आजही मोजकेच लोक खेळतात. पोकेस्टॉप, म्हणजे खेळातले सामान मिळण्याची ठिकाणे, शहरात पावलोपावली असतात, आमच्याकडे एका देवळापासून दुसऱ्या देवळापर्यंत चालत जावे लागते. म्हणूनच गोलेम मिळवण्याची जी रीत शहरातल्या खेळाडूला सोयीची वाटते, ती आपल्याला परवडत नाही, आणि जी आपल्याला परवडते ती आपल्या सणावारांत अगदी चपखल बसते.

कँडीचा हिशेब

जिओडूडचा ग्रॅव्हलर करायला २५ कँडी, म्हणजे पोकेमॉनला पुढच्या रूपात नेण्यासाठी खर्चायच्या खेळातल्या गोळ्या, लागतात आणि ग्रॅव्हलरचा गोलेम करायला आणखी १००, म्हणजे एकूण १२५. एक जिओडूड पकडला की ३ कँडी मिळतात आणि नको असलेला जिओडूड खेळातल्या प्रोफेसरकडे पाठवला की १ मिळते. ज्याला वाढवायचे तो हाताशी ठेवून बाकीचे सगळे पाठवून दिले, तरी या मार्गाने ३२ जिओडूड पकडावे लागतात. प्रत्येक वेळी पिनॅप बेरी दिली तर पकडल्यावर ३ ऐवजी ६ कँडी मिळतात आणि तोच आकडा १८ वर येतो. आमच्यासारख्या गावात १८ जिओडूड दिसायला एक अख्खा मोसम जाऊ शकतो, शिवाय इतक्या पिनॅप बेऱ्या साठवायलाही पोकेस्टॉप लागतातच.

आता दुसरा मार्ग पाहू. जो ग्रॅव्हलर आपल्याला अदलाबदलीतून, म्हणजे ट्रेडमधून, मिळालेला असतो, त्याचा गोलेम करायला एकही कँडी लागत नाही. मूळ खेळांमध्ये ग्रॅव्हलर दुसऱ्या खेळाडूच्या हाती गेल्यावरच गोलेम होत असे, आणि त्या जुन्या नियमाचा मान राखून गोमध्ये ही सवलत ठेवलेली आहे. म्हणजे आपल्याला जमवायच्या आहेत त्या फक्त ग्रॅव्हलरपुरत्या २५ कँडी. पिनॅप बेरी देऊन चार जिओडूड पकडले की २४ कँडी होतात, त्यातला एक पाठवला की पंचवीसावी मिळते. चार जिओडूड गावातही पंधरा दिवसांत सहज मिळतात. त्यामुळे माझे आग्रहाने सांगणे असे की १०० कँडी खर्चून एकट्याने गोलेम करण्याची घाई करू नये. ग्रॅव्हलर तयार करून ठेवावा आणि चाकरमानी घरी येण्याची वाट पाहावी.

पकडण्यासाठी हवा आणि जागा

खेळातली हवा बाहेरच्या हवेप्रमाणे बदलते. जिओडूड हा रॉक आणि ग्राउंड, म्हणजे खडक आणि जमीन, अशा दोन प्रकारांचा आहे. आकाश अंशतः ढगाळ असते तेव्हा रॉक प्रकाराला जोर मिळतो आणि स्वच्छ ऊन असते तेव्हा ग्राउंड प्रकाराला, त्यामुळे या दोन्ही हवांत जिओडूड अधिक वेळा दिसतो आणि पाच लेव्हलनी वरचढ मिळतो. अशा हवेत रानातला पोकेमॉन जास्तीत जास्त ३५ व्या लेव्हलपर्यंत मिळू शकतो, एरवी ३० व्या. ऑक्टोबरपासून मेपर्यंत आमच्या किनाऱ्यावर बहुतेक दिवस याच दोनपैकी एक हवा असते. हे आठ महिने जिओडूड जमवण्याचे समजावेत आणि पावसाळ्यात त्याच्या मागे फिरू नये.

पोकेमॉन पकडण्यासाठी त्याच्यावर जो बॉल फेकायचा, तो टाकण्याबद्दल एक गोष्ट सविस्तर सांगतो, कारण बॉल वाया जाण्याचे मुख्य कारण तिथेच असते. बॉलवर अंगठा दाबून ठेवला की जिओडूडभोवतीचे रंगीत वर्तुळ लहान होत जाते. ते निम्म्याहून लहान झाले की बॉल न फेकता अंगठा उचलावा. वर्तुळ त्याच मापावर थांबते. मग घाई न करता जिओडूड हल्ल्याची हालचाल करीपर्यंत थांबावे, ती हालचाल सुरू होताच बॉल गोल फिरवायला घ्यावा आणि ती संपता संपता सोडावा, म्हणजे तो जमिनीवर येईपर्यंत जिओडूड पुन्हा जागच्या जागी आलेला असतो आणि बॉल वर्तुळाच्या आत पडतो. एप्रिल-मेमध्ये अंगठ्याला इतका घाम येतो की तो काचेवर मध्येच अडकतो आणि बॉल वाकडा जातो. मी खांद्यावरच्या पंचाला अंगठा पुसल्याशिवाय बॉल हातात घेत नाही, आणि या एका सवयीने माझे कितीतरी बॉल वाचलेले आहेत.

जागेविषयी मात्र सावधगिरी हवी. सड्यावर फिरताना नजर मोबाइलमध्ये ठेवून चालू नये, विशेषतः तिन्हीसांजेनंतर, कारण कातळाच्या फटींत आणि सुट्या दगडांखाली फुरसे असते व ते दगडाच्याच रंगाचे असल्याने दिसत नाही. समुद्रालगतच्या खडकांवर भरतीच्या वेळी उभे राहू नये. तिथले शेवाळ कोरडे दिसत असले तरी पाय सरकतो. उक्षी, कशेळी अशा गावांच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत आणि २०२२ मध्ये कोकणातली ही शिल्पे युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत घेतली गेली. खेळातल्या दगडाच्या नादात त्या खऱ्या दगडांवर कोरलेल्या रेषा आपल्या चपलांखाली झिजू नयेत, एवढी काळजी प्रत्येकाने घ्यावी. शिल्पाच्या कडेला उभे राहूनही जिओडूड पकडता येतो.

कोणता द्यायचा आणि कोणता ठेवायचा

अदलाबदलीत सर्वात मोठी चूक इथेच होते, आणि ती मी स्वतः केलेली आहे. प्रत्येक पोकेमॉनच्या अंगी हल्ला, बचाव आणि जीव अशा तीन उपजत क्षमता असतात आणि प्रत्येकीला ० ते १५ गुण असतात. अप्रेझल, म्हणजे खेळातली गुणतपासणी, उघडले की त्यांच्या तीन पट्ट्या आणि तारे दिसतात. माझ्याकडे १५, १४, १५ गुणांचा एक जिओडूड होता. तीन तारे, दोन पट्ट्या काठोकाठ भरलेल्या. त्याचा ग्रॅव्हलर केला आणि गणपतीला आलेल्या मामेभावाला तो मोठ्या प्रेमाने दिला, कारण आपल्याकडचे उत्तम ते पाहुण्याला द्यावे असेच आपण शिकलेलो असतो. अदलाबदल पूर्ण झाली आणि त्याच्या मोबाइलवर अप्रेझल उघडले, तेव्हा त्या पट्ट्या निम्म्यावर आलेल्या होत्या. अदलाबदल होताना हे गुण नव्याने ठरतात, हे मला ठाऊक नव्हते. एकदा दिलेला पोकेमॉन पुन्हा कोणालाही देता येत नाही, त्यामुळे तो परतही घेता आला नाही. मला त्याचे फार वाईट वाटले.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे. ज्याचे गुण चांगले आहेत तो जिओडूड कधीही देऊ नये. त्याला कँडी घालून स्वतःच वाढवावे, मग १०० कँडी लागल्या तरी हरकत नाही. देण्यासाठी कमी गुणांचे निवडावेत, कारण त्यांचे नुकसान होण्यासारखे काही नसते आणि नव्या हातात ते सुधारण्याचीच शक्यता अधिक असते. गुण बदलले तरी लेव्हल टिकते, आणि निवडीत हे विसरता कामा नये. अंशतः ढगाळ हवेत मिळालेला, गुणांनी कमी पण लेव्हलने वरचा ग्रॅव्हलर हा देण्यासाठी सर्वोत्तम, कारण समोरच्याला वाढलेली लेव्हल आयती मिळते आणि गुणांची नवी सोडत निघते. समोरचा खेळाडू नवखा असेल तर त्याच्या मानाने ती लेव्हल खाली येते, हेही ध्यानात असू द्यावे.

मैत्री जितकी जुनी तितके हे गुण किमान किती असतील त्याची मर्यादा वर सरकते. गुड फ्रेंड असल्यास प्रत्येक गुण किमान १, ग्रेट असल्यास २, अल्ट्रा असल्यास ३ आणि बेस्ट फ्रेंड असल्यास ५ असतो. अदलाबदल नशीबवान ठरली, म्हणजे पोकेमॉन लकी झाला, तर प्रत्येक गुण किमान १२ असतो आणि त्याला वाढवायला स्टारडस्ट, म्हणजे खेळातले चलन, निम्मे लागते. पोकेमॉन जितका जुना पकडलेला, तितकी तो लकी होण्याची शक्यता अधिक. म्हणूनच पेटीच्या तळाशी पडून राहिलेले दोन-चार वर्षांपूर्वीचे जिओडूड पाठवून देऊ नयेत. एका कँडीसाठी ते घालवण्यापेक्षा त्यांचे ग्रॅव्हलर करून ठेवावेत.

मैत्री मेपासून, अदलाबदल गणपतीत

बेस्ट फ्रेंड होण्यासाठी ९० दिवस लागतात, अल्ट्रासाठी ३० आणि ग्रेटसाठी ७. दिवसातून एकदा एकमेकांशी काही व्यवहार झाला की तो दिवस मोजला जातो, आणि त्यासाठी पाठवलेली गिफ्ट उघडणे पुरेसे असते. मेची सुट्टी संपवून चाकरमानी मुंबईला परत निघतात, त्याच दिवशी पडवीत बसून मोबाइलमध्ये मैत्री जोडून घ्यावी. तिथून गणेश चतुर्थीपर्यंत साधारण तीन महिने असतात, म्हणजे एकही दिवस फारसा न चुकवता गिफ्ट उघडत राहिले तर सणाच्या आसपास बेस्ट फ्रेंडचा टप्पा गाठता येतो. गावात पोकेस्टॉप कमी असल्याने आपल्याला रोज गिफ्ट मिळणार नाही, पण त्याने अडत नाही. डोंबिवलीच्या किंवा विरारच्या भावंडाने पाठवलेली गिफ्ट आपण उघडली, तरी तो दिवस दोघांच्याही खात्यात जमा होतो.

भावंडांना एवढे अवश्य सांगून ठेवावे की त्यांनी द्यायचा पोकेमॉन मुंबईतच पकडावा, गावी उतरल्यावर नव्हे. अदलाबदलीनंतर आपण दिलेल्या जातीची कँडी आपल्याला मिळते, आणि दोन्ही पोकेमॉन जिथे पकडले गेले त्या दोन ठिकाणांमधले अंतर १० किलोमीटरपेक्षा अधिक असेल तर २, आणि १०० किलोमीटरपेक्षा अधिक असेल तर ३ कँडी मिळतात. मुंबई ते रत्नागिरी हे अंतर सरळ रेषेतही २०० किलोमीटरपेक्षा अधिक आहे, त्यामुळे प्रत्येक अदलाबदलीत दोघांनाही पूर्ण ३ कँडी पडतात. ग्रॅव्हलरच्या बदल्यात ग्रॅव्हलर दिला तर दोघांनाही विनाखर्च गोलेम होणारा पोकेमॉन मिळतो, आणि हीच देवाणघेवाण मला सर्वात न्याय्य वाटते.

प्रत्यक्ष कृती पाच मिनिटांची आहे. दोघेही किमान १० व्या लेव्हलचे खेळाडू असावेत आणि एकमेकांपासून १०० मीटरच्या आत असावेत. एकाच घरात असल्यावर हा प्रश्नच येत नाही. जाड चिऱ्याच्या भिंतींच्या माजघरात नेटवर्क मिळत नसेल तर पडवीत किंवा खळ्यात यावे. मित्राच्या नावावर जाऊन ट्रेड निवडावे, आपापला ग्रॅव्हलर निवडावा आणि कन्फर्म करण्यापूर्वी स्क्रीनवरचा स्टारडस्टचा आकडा नीट वाचावा. साध्या अदलाबदलीला १०० स्टारडस्ट लागतात. तो आकडा १०० पेक्षा मोठा दिसू लागला तर समजावे की दोघांपैकी कोणाच्या तरी पोकेडेक्समध्ये ग्रॅव्हलरची नोंदच नाही, किंवा कोणीतरी शायनी, म्हणजे वेगळ्या रंगाचा दुर्मिळ, ग्रॅव्हलर निवडलेला आहे. अशा वेळी मागे फिरावे. ज्याच्याकडे नोंद नाही त्याने आधी स्वतःचा एक ग्रॅव्हलर करून घ्यावा आणि मग पुन्हा बसावे. आरती आणि जेवणाच्या पंगती यांच्या मधल्या वेळात आम्ही गेल्या गणपतीत अशा सहा अदलाबदली केल्या, आणि त्यातला एक ग्रॅव्हलर लकी झाला, तेव्हा माझ्या धाकट्या भाचीने अख्ख्या घराला तो मोबाइल दाखवला.

मिळालेल्या सगळ्या ग्रॅव्हलरचे अप्रेझल पाहून झाल्यावरच त्यांतला उत्तम कोणता ते ठरवावे, त्याचा गोलेम करावा आणि स्टारडस्ट फक्त त्याच्यावर खर्च करावे.

गोलेम कुठे चालतो

गोलेमला रॉक थ्रो आणि स्टोन एज या दोन चाली असाव्यात. रॉक प्रकारच्या चाली फायर, आइस, फ्लाइंग आणि बग या चार प्रकारांवर भारी पडतात, आणि चॅरिझार्ड, मोल्ट्रेस किंवा हो-ओह असे एकाच वेळी फायर व फ्लाइंग असलेले पोकेमॉन समोर आले तर हा मारा २.५६ पट होतो. रॅम्पार्डोस आणि रायपेरियर हे याच कामात गोलेमपेक्षा सरस आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण ते मिळेपर्यंत विनाकँडी तयार झालेला गोलेम रेडमध्ये, म्हणजे बलाढ्य पोकेमॉनशी अनेकांनी मिळून करायच्या लढतीत, उत्तम साथ देतो.

त्याचे दुबळेपणही तितकेच मोठे आहे. पाणी आणि वनस्पती, म्हणजे वॉटर आणि ग्रास, या दोन्ही प्रकारांचे हल्ले त्याला तेच २.५६ पट लागतात. त्यात पावसाळी हवेत वॉटर प्रकारच्या चालींना आणखी २० टक्के जोर चढतो. आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत खेळातही पाऊसच असतो, तेव्हा त्या दिवसांत गोलेमला जिमवर, म्हणजे खेळातल्या आखाड्यावर, राखण करायला ठेवणे म्हणजे त्याला उघड्यावर सोडण्यासारखे आहे. गणपतीत तयार केलेला गोलेम नवरात्रापर्यंत घरात ठेवावा आणि आभाळ मोकळे झाल्यावर बाहेर काढावा.

निन्टेन्डोच्या यंत्रावर मूळ खेळ खेळणाऱ्यांना यातले थोडेच लागू आहे. तिथे जिओडूड २५ व्या लेव्हलला ग्रॅव्हलर होतो आणि अदलाबदल होताच गोलेम होतो. मात्र ग्रॅव्हलरच्या हाती एव्हरस्टोन दिलेला असेल तर तो बदलत नाही, म्हणून तो आधी काढून घ्यावा. २०२२ च्या लेजंड्स आर्सियसमध्ये लिंकिंग कॉर्ड नावाची वस्तू वापरून एकट्यालाही गोलेम करता येतो.

शेवटी अलोला रूपाविषयी. २०१६ च्या सन आणि मून या खेळांत जिओडूडचे हे दुसरे रूप आले. हा रॉक आणि इलेक्ट्रिक प्रकारचा असून त्याच्या दगडात चुंबकत्व आहे, आणि त्याच्या डोक्यावर व भुवयांवर जे काळे केस दिसतात ते खरे तर त्याला चिकटलेले लोहवाळूचे कण आहेत. रत्नागिरीच्या मांडवी किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत मुलांना चुंबक फिरवायला सांगावे. त्याला बारीक काळ्या कणांची जी लव उभी राहते ती पाहिली की हे रूप कुठून सुचले असेल ते त्यांना लगेच उमगते. हा पोकेमॉन ग्राउंड प्रकारच्या हल्ल्यापुढे सर्वाधिक दुबळा आहे, म्हणजे आपला साधा गोलेमच त्याला भारी पडतो. दोन्ही रूपांना कँडी मात्र एकाच जातीची लागते, आणि अलोला ग्रॅव्हलरही अदलाबदलीनंतर विनाखर्च गोलेम होतो. ज्यांना दोन्ही हवेत त्यांनी साध्या ग्रॅव्हलरसाठीच्या २५ कँडींखेरीज आणखी २५ बाजूला ठेवाव्यात आणि गणपतीत जमले नाही तर ही दुसरी अदलाबदल शिमग्यासाठी ठरवून घ्यावी; तेव्हा पालखीसाठी सगळे पुन्हा गावी येतातच, आणि हवाही उन्हाची असते.